एक फळी कमी

भागीदारी मोडली म्हणून ती लगेच संपत नाही, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. डहाणू स्टेशनजवळ आमच्या सीएचं ऑफिस आहे. तिथे आम्ही दोघांनी फर्म मोडण्याच्या ठरावावर सह्या केल्या. मला वाटलं, झालं, आता चहा प्यायचा आणि घरी जायचं. तर सीए म्हणाले, "काका, फर्म अजून आहे. धंदा करायचा नाही, फक्त आवराआवर करायची. मशिनं विका, देणी द्या, विजेचा मीटर परत करा, खातं बंद करा. सगळ्या रकान्यांत शून्य आलं की नाव काढायचा अर्ज टाकू. तोपर्यंत ती जिवंत."

किती दिवस लागतील, असं मी विचारलं. मनावर घेतलंत तर तीन महिने, असं ते म्हणाले.

आम्ही अकरा महिने लावले. हा उशीर भागीदारामुळे होतोय, असं मी येईल त्याला सांगत होतो. आता लिहायलाच बसलोय तर खरं सांगून टाकतो. उशीर मी करत होतो. यादीत काहीतरी खोट काढायची आणि ती दाखवायला धाकट्या डहाणूला, म्हणजे शेजारच्या मच्छीमारांच्या गावात, त्याच्या घरी जायचं, असा माझा क्रम होता. आमच्या दोघांत चाळीस वर्षं एकच धागा होता, तो म्हणजे फर्म. मी बोलायला गोड माणूस नाही. कामाशिवाय कुणाकडे जाऊन बसायची कला मला आली नाही. शून्य आल्यावर मी त्याच्याकडे काय म्हणून जाणार होतो?

आमचा कारखाना फुग्यांचा होता. डहाणूला फुगे होतात हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. जत्रेत काठीला बांधलेले फुगे कुठेतरी होतच असणार, याचा विचार कुणी करत नाही. लाकडी फळीवर ओळीने साचे बसवलेले असतात, उलट्या टांगलेल्या बल्बसारखे. आमच्या एका फळीवर अठ्ठेचाळीस. फळी आधी रसायनात बुडवायची, मग रंगीत लॅटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या चिकात. वर काढली की साच्यावर पातळ साय धरलेली असते. ती ओली असतानाच तोंडाकडची कड वळून घ्यायची, मग भट्टीत सुकवायची, धुवायची आणि पावडर लावून एकेक फुगा सोलून काढायचा. लॅटेक्सला अमोनियाचा वास असतो. नवीन बाई कामाला आली की पहिले आठ दिवस रडायची, दुःखाने नव्हे, वासाने. नवव्या दिवशी तिला तो वास येईनासा व्हायचा. मला अजूनही कुठे अमोनिया हुंगायला मिळाला तर घरी आल्यासारखं वाटतं. बायको म्हणते, हे कुणाला सांगू नका.

भागीदार माझ्या शाळेतला. मासेमारी करणाऱ्या घरातला, वडिलांची होडी, चुलत्यांच्या दोन. मी बोर्डाच्या परीक्षेनंतर एका फुगेवाल्याकडे हिशेबनीस म्हणून लागलो आणि तो समुद्रावर गेला. पुढे मला स्वतःचं शेड घ्यायची खुमखुमी आली, तेव्हा माझ्याकडे अक्कल होती आणि पैसा नव्हता. सगळे नातेवाईक फिरून झाले. शेवटी मी धाकट्या डहाणूला गेलो. तो अंगणात जाळं विणत बसला होता. मी अर्धा तास फुग्यांचं अर्थशास्त्र सांगितलं. त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "पैसे टाकतो. पन तुझ्या त्या वासात पाय ठेवनार नाय. बुडालं तर टाकलं तेवढंच बुडेल, तुझ्या कर्जापायी माझी होडी मोडायला कोन आला तर तुझं काय ते तू बघ."

पुढे पंचवीस वर्षांनी कायदा आला आणि सीएने आमची साधी भागीदारी बदलून मर्यादित जबाबदारीची करून दिली. त्यांनी ती कल्पना आम्हाला तासभर समजावली. भागीदार शेवटी म्हणाला, हे तर मी जाळं विणताना एका वाक्यात सांगितलं होतं.

वासात पाय ठेवणार नाही म्हणाला खरा, पण यायचा. त्यांची मासेमारी समुद्राच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, तेव्हा घरात माणूस सापडत नाही. अष्टमीच्या सुमाराला ओढ मंदावते. त्याला ते भांगाचे दिवस म्हणतात. जाळ्यात काही येत नाही, तेव्हा बसून जाळी दुरुस्त करायची. त्या दिवसांत तो कारखान्यात यायचा, नाकाला रुमाल लावून दारातल्या खुर्चीवर बसायचा आणि मला प्रश्न विचारायचा. हिरवा रंग मागच्यासारखा का नाही? पावडर एवढी का सांडते? त्याला फुग्यातलं काही कळत नव्हतं आणि त्याचे निम्मे प्रश्न बरोबर असायचे. याचा मला भयंकर राग यायचा. आम्ही कडाकडा भांडायचो. मग तो पिशवीतून कागदात बांधलेले सुके बोंबील काढायचा आणि टेबलावर ठेवून निघून जायचा. महिन्यातून दोन अष्टम्या, म्हणजे महिन्यातून दोन भांडणं. माझ्या डायरीत मी तिथीसमोर नुसतं 'भागीदार' असं लिहून ठेवत असे.

तिसरं माणूस म्हणजे आमची बाई. तलासरीकडच्या एका पाड्यावरून विशीत कामाला आली आणि कारखाना बंद होईपर्यंत होती. फुग्याची कड वळायला पुढे फिरत्या ब्रशांचं मशीन आलं, पण त्याआधी ते काम बोटांनी व्हायचं आणि तिच्याइतकं एकसारखं कुणाला जमायचं नाही. मशीन बिघडलं की ती एक शब्द न बोलता फळी पुढ्यात घ्यायची. प्रत्येक नव्या रंगाचा पहिला फुगा तीच फुगवायची. फुगवून गालाला लावायची, डोळे मिटायची आणि 'बरा' किंवा 'नाय बरा' असा निकाल द्यायची. 'नाय बरा' झालं की मी तो सगळा माल बाजूला काढायचो. एकदा घाईत नाही काढला, तर सुरतेच्या व्यापाऱ्याने पोतीच्या पोती परत पाठवली होती. मला आणि भागीदाराला ती शेठ म्हणायची, पण बोलायची 'तू'. तिच्या पाड्यावर देवालाही तूच म्हणतात, तिथे आमची काय कथा.

कारखाना का मोडला, याची गोष्ट मोठी नाही. बाहेरून चकचकीत पन्नीचे फुगे यायला लागले. माझी मुलगी बडोद्याला, त्याचा मुलगा वसईला नोकरीवर. त्याचे गुडघे गेले, माझा खोकला जाईना. एका अष्टमीला तो दारातल्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, आता पुरे करू. मी म्हणालो, करू. चाळीस वर्षांत एवढं बिनभांडणाचं बोलणं आमच्यात झालं नव्हतं, तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

गाशा गुंडाळायला घेतला की कळतं, आपण किती पसारा घालून ठेवला होता. बायांची देणी आधी दिली. भट्टी आणि ब्रशांचं मशीन वापीच्या एका भंगारवाल्याने उचललं. तो हात लावेल त्या वस्तूला 'भाई, आ तो भंगार छे' म्हणायचा. भट्टीला म्हणाला, तराजूला म्हणाला, मी ज्या स्टुलावर बसलो होतो त्यालाही म्हणाला. मी पटकन उठलो, न जाणो मलाही म्हणायचा. विजेचा मीटर काढून न्यायला माणूस आला, तेव्हा शेडमधला शेवटचा पंखा हळूहळू थांबला आणि मी तो थांबेपर्यंत खाली उभा राहून बघत राहिलो. जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं गेली. त्यातल्या तिघांचे फोन आले. एकाने विचारलं, मग आता पिवळा कुणाकडे घ्यायचा? आमच्या पिवळ्याचं नाव होतं.

साच्यांच्या फळ्या मात्र विकल्या नव्हत्या. त्या जुन्या, झिजलेल्या, त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. मोडीत काढायच्या आणि यादीतून वजा करायच्या, एवढंच होतं. माझ्या नोंदवहीत फळ्या एकसष्ट. मी मोजल्या तर साठ.

मी पुन्हा मोजल्या. पोटमाळ्यावर चढलो, खोकत उतरलो. साठ.

दुसऱ्या कुणाच्या यादीत एक लाकडी फळी कमी निघाली असती तर तो म्हणाला असता, खड्ड्यात गेली. माझं तसं नाही. चाळीस वर्षांत माझ्या वहीत एक साचा कमी-जास्त झाला नव्हता. साच्याचा टवका उडाला तरी मी तारीख टाकून ठेवायचो. आणि लाज वाटते, पण सांगतो, मनातल्या मनात मला आनंदही झाला. एक खरोखरची खोट सापडली होती. आता निदान दोन-तीन अष्टम्यांची सोय झाली.

मी स्कूटर काढली आणि फाईल घेऊन धाकट्या डहाणूला गेलो. तो म्हणाला, असेल कुठेतरी. पुढच्या अष्टमीला गेलो, तेव्हाही तो म्हणाला, असेल कुठेतरी. इकडे सीए वैतागले. शून्याचा ताळेबंद तीस दिवसांपेक्षा शिळा चालत नाही. माझ्या यादीतल्या खोटींपायी त्यांना तो दोनदा नवा करावा लागला होता. ते म्हणाले, काका, तिची किंमतच शून्य आहे, मोडली म्हणून लिहा ना. मी म्हणालो, मोडली असती तर लिहिलं असतं. मोडलेली नाही, ती नाही आहे. या दोन गोष्टींत फरक आहे.

तिसऱ्या अष्टमीला मात्र माझी जीभ घसरली. त्याच्या अंगणात बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत टाकलेले, त्याची सून चहा ठेवून आत गेलेली. पोटमाळ्याची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची, हे मला आदल्या दिवशी आठवलं होतं आणि रात्रभर ते डोक्यात फिरत होतं. मी फाईल उघडून विचारलं, घरी नेली असशील तर सांगून टाक.

तो जाळ्यातली सुई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. "मला चोर म्हनतो?"

"मी नाही म्हणत," मी म्हणालो. "यादी म्हणते."

त्याने सुई खाली ठेवली. उठला, गुडघ्यावर हात देत घरात गेला आणि बाहेर आला नाही. मी थोडा वेळ बसलो. चहावर साय आली. मग फाईल बंद केली आणि निघालो. परत येताना मी स्वतःची बाजू स्वतःलाच पटवून देत होतो आणि डहाणू गावात शिरेपर्यंत ती मला पटेनाशी झाली होती. किल्ली त्याच्याकडे होती हे खरं. पण कारखान्याला पैसे नव्हते तेव्हा त्याने एका पावसाळ्यात बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या आणि त्याची नोंद कुठल्याच यादीत नव्हती, कारण त्याने ती मला करू दिली नव्हती.

त्यानंतर दोन अष्टम्या गेल्या. मी गेलो नाही, त्याने फोन केला नाही. डायरीत 'भागीदार' या शब्दाखाली दोन्ही पानं कोरी राहिली. मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की भांडण न होणं किती वाईट असतं. सकाळी उठून मी नोंदवही काढायचो, फळ्यांचं पान उघडायचो आणि मिटायचो. बायकोने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली की, फळी शोधताय की माणूस, ते आधी ठरवा.

मग तलासरीहून फोन आला. बाईच्या नातीने लावून दिला होता. बाई फोनवर नेहमी ओरडून बोलते, तार लांब आहे म्हणून.

"शेठ, फळी माझेकडं हाय. दोघं मिळून या. एकटा आला तर दाखवनार नाय."

मी काही विचारायच्या आत फोन बंद झाला.

धाकट्या डहाणूला जायचं मला धैर्य झालं नाही. निरोप पाठवला. ठरलेल्या दिवशी तो एस.टी. स्टँडवर माझ्या आधी येऊन उभा होता, धुतलेला शर्ट, हातात पिशवी. मला बघून त्याने मान हलवली, तीही अर्धीच. गाडीत बसलो तर मी या बाजूच्या बाकावर आणि तो त्या बाजूच्या. कंडक्टर आला. मी दोन तलासरी म्हणालो, तोही त्याच वेळी दोन तलासरी म्हणाला. कंडक्टरने विचारलं, चार की दोन? आम्ही दोघांनी आपापले पैसे पुढे केले. शेवटी त्याने स्वतःच्या मनाने दोन तिकिटं माझ्या हातात दिली. चिकूच्या वाड्या संपल्या, ताडाची झाडं लागली, चढ सुरू झाला. समुद्राचा माणूस खिडकीतून डोंगराकडे बघत बसला होता. मी त्याच्या मानेकडे बघत होतो. मागून तो किती म्हातारा दिसतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. नेहमी समोरून भांडत आलो.

नाक्यावरून पाड्यापर्यंत रिक्षा केली. बाईचं घर कौलारू, कुडाच्या भिंती नुकत्या सारवलेल्या. तिने आम्हाला खाटेवर बसवलं आणि कोरा चहा दिला. मग वर बोट केलं.

आढ्याला दोन दोऱ्यांनी फळी टांगली होती. खाली वाकलेले अठ्ठेचाळीस साचे, पुसून स्वच्छ केलेले. एका कोपऱ्यातल्या साच्याला उडालेला टवका होता. तारीख मला पाठ होती.

"मी नाय नेली," बाई म्हणाली. "ह्यानं आनून दिली. बोलला, सांबाळ. तू त्याला चोर बोलला, ते मला ह्याचे सुनंनं सांगितलं. म्हनून बोलावलं."

म्हणजे नेली त्यानेच होती. यादी बरोबर होती. मला त्या क्षणी यादी बरोबर असल्याचं फार वाईट वाटलं. त्याच्याकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"आमच्या शेजारच्या अंगनातला नांगर आठवतो?" त्याने विचारलं.

आठवला. फार जुनी गोष्ट, मी पैसे मागायला गेलो होतो त्याच दिवसाची. त्याच्या घरापासून दोन घरं सोडून एका म्हातारीच्या अंगणात होडीचा लोखंडी नांगर पडलेला होता, गंजलेला, त्यावर पोरं बसलेली. भंगारात का देत नाहीत, असं मी माझ्या हिशेबी स्वभावाने विचारलं होतं. तो म्हणाला होता की त्याचे वडील आणि चुलते एका होडीतून वेगळे झाले, तेव्हा जाळी वाटली, वल्ही वाटली, होडीचीसुद्धा किंमत करून वाटली, पण नांगर वाटला नाही. त्यांच्या घरात तशी रीत होती. भागी मोडताना एक वस्तू वाटायची नाही, विकायची नाही. ती तिसऱ्याच्या दारात ठेवायची. मग नारळी पौर्णिमेला दोन्ही घरं तिथे जमायची, नांगराला हळद-कुंकू लावायची, नारळ वाढवायची. त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी भाऊ भावाचं तोंड बघायचा. मी तेव्हा ऐकून घेतलं आणि लगेच व्याजाचा विषय काढला होता.

"सगळं वाटून शून्य केलं म्हंजे मानूस मेल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "म्हनून एक फळी काढली. तिसऱ्या घरी ठेवली. हिच्याबिगर तिसरं घर आपल्याला कुठलं?"

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"सांगितलं असतं तर तू यादीत लिवलं असतंस."

हे खरं होतं. मी लिहिलं असतं. 'एक फळी, तलासरी', आणि पुढे तारीख.

बाई हसली. तो हसला नाही. तो कप खाली ठेवून म्हणाला, "आनि यादी जुळत नाय तवर तू येनार, हे मला ठावं होतं. जुळल्यावर तू कशाला येशील?"

मी अकरा महिने जे त्याच्यापासून लपवत होतो, तेच तो माझ्यापासून लपवत होता. दोघेही एकाच यादीच्या दोन टोकांना लोंबकळत होतो, आणि मी माझं टोक धरून त्याला चोर म्हणालो होतो. मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस परक्या घरी खाटेवर बसून रडतो, हे दृश्य काही बरं नाही, पण आलं. मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ कर."

त्याने पिशवीत हात घातला आणि कागदात बांधलेले बोंबील काढून आमच्या दोघांच्या मधे खाटेवर ठेवले. बाईने ते उचलले आणि म्हणाली, हे आता मी भाजते, तुम्ही दोघं जेवून जा. चुलीवर बोंबील भाजल्याचा वास घरभर झाला. भागीदार हळूच म्हणाला की ह्यापेक्षा तुझा अमोनिया बरा होता. इतक्या वर्षांत त्याने अमोनियाला पहिल्यांदाच बरं म्हटलं. जेवताना आम्ही हिरव्या रंगावरून भांडलो.

निघताना बाईने विचारलं, मग ही फळी आता कोणाची? तो म्हणाला, कोनाचीच नाय. मी खाटेवर उभा राहून दोऱ्यांच्या गाठी तपासल्या. एक सैल होती, ती पुन्हा बांधली.

परतीच्या गाडीत आम्ही एकाच बाकावर बसलो. त्याला झोप लागली आणि वळणावर त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी डहाणूपर्यंत खांदा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही घेऊन सीएकडे गेलो. एकसष्ट खोडून तिथे साठ लिहिलं आणि बाजूला सही केली. माझ्या वहीतली ती पहिली आणि शेवटची लबाडी. सीए म्हणाले, सापडली का? मी म्हणालो, मोजण्यात चुकलो होतो. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी देवाची शपथ घेऊन खोटं बोललोय. मग त्यांनी शून्याचा ताळेबंद तिसऱ्यांदा नवा केला. भागीदार येऊन सह्या करून गेला. प्रतिज्ञापत्र झालं, खातं बंद झालं, अर्ज गेला. पुढे काही आठवड्यांनी सीएंनी फोनवरून सांगितलं की नाव निघालं. फर्म आता कुठेच नाही. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. बायको बाजूलाच बसली होती. तिने उठून मला पाणी आणून दिलं.

त्यानंतरची पहिली अष्टमी गुरुवारी आली. डायरीत 'भागीदार' असं लिहायला पेन उघडलं आणि थांबलो. आता तो भागीदार नव्हता. जागा कोरी ठेवली. सकाळचा चहा झाला, पेपर झाला, पेपरातलं कोडंही झालं. मग मी स्कूटर काढली.

फाईल ठेवायच्या जागी हात गेला तर तिथे काही नव्हतं. वाटेत मी तीन कारणं तयार केली. एक, सुक्या जवळ्याचा भाव विचारायचा. दोन, त्याच्या गुडघ्यासाठी वलसाडच्या डॉक्टरांचा पत्ता. तिसरं आता आठवत नाही, पण तेही असंच लंगडं होतं.

तो अंगणात जाळं घेऊन बसला होता. मी स्कूटर लावली. त्याने मान वर न करता विचारलं, "आज काय काम काढलंस?"

तिन्ही कारणं ओठांवर आली होती.

"काही काम नाही," मी म्हणालो.

त्याने जाळं गोळा करून मांडीवर घेतलं आणि बाकावर माझ्यापुरती जागा केली. मी जाऊन बसलो.